उजव्या डोळ्यातला समुद्र

माझ्या उजव्या डोळ्यात दीड-दोन महिने समुद्र होता. वर आभाळ, मध्ये आडवी रेघ, खाली हलणारं पाणी. तेही अमरावतीत बसून. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

ज्यांच्या डोळ्याचा पडदा सुटलाय, किंवा सुटेल या भीतीनं जे अर्धे झालेत, त्यांच्यासाठी हे आहे. औषधपाण्याचं डॉक्टरांना विचारा. मी शाळेत चित्रकला शिकवणारी बाई, मला काय दिसलं आणि ते दिसताना घरात काय काय झालं, एवढंच मला सांगता येईल. मधूनमधून थोडी फुशारकी मारीन, ती सोसून घ्या. कमावलेली आहे.

वावर

माझं माहेर दर्यापूरचं. काळी सपाट जमीन, आणि क्षितिज असं की कुणी पट्टी ठेवून आखलंय. अमरावतीला चित्रकलेची पदविका करताना आमच्या सरांनी एक जाडजूड पुस्तक उघडून समुद्रकिनाऱ्याचं एक चित्र दाखवलं होतं. जुन्या काळातल्या फ्रेंच चित्रकाराचं. जवळून बघितलं तर नुसते रंगाचे फटकारे, निळ्याशेजारी नारिंगी, हिरव्यात गुलाबी. चार पावलं मागं गेलं की ऊन, ओली वाळू आणि वारा. "सावलीत काळा शोधून दाखवा," सर म्हणाले. कुणालाच सापडला नाही. सावल्या जांभळ्या होत्या. मग सरांनी माझ्या पेटीतली काळ्या रंगाची ट्यूब उचलून स्वतःच्या खिशात टाकली, ती शेवटपर्यंत परत दिली नाही. तेव्हापासून माझ्या रंगपेटीत काळा नाही.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, अश्विनी झाली. पण सुटीच्या दिवशी मी पेटी घेऊन बाहेर पडायचीच. मोर्शीच्या संत्र्याच्या बागा मी इतक्या वेळा रंगवल्यात की तिथले लोक मला चहा विचारतात. समुद्र मात्र राहिला होता. "वऱ्हाडातल्या बाईनं कायले समुद्र काढावा?" असं एका प्रदर्शनात एकानं मला तोंडावर विचारलं होतं. तेव्हाच ठरवलं, काढायचाच.

गेल्या हिवाळ्यात ते जमलं. धाकटी बहीण सुजाता दापोलीकडे असते. तिच्याकडे आठवडाभर राहिले आणि रोज पहाटेपासून वाळूत बसून पुठ्ठ्यावर लहान लहान चित्रं केली. उजेड तिथे थांबतच नाही. सकाळी ओली वाळू गुलाबी, लाट मोडते तिथे पोपटी, दुपारी सगळं पांढरंफटक, आणि संध्याकाळी पाण्यात जांभळं, नारिंगी आणि कुठून तरी शेवाळी. रंग कालवेपर्यंत समोरचा रंग गेलेला असायचा. मी रडकुंडीला यायची आणि सुजाता हसायची.

घरी येऊन मोठा कॅनव्हास ताणला. दोन्ही हात पसरले तरी कडा हाती येणार नाहीत एवढा. महिनाभर खपले. एका सकाळी माझा नवरा मनोहर चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला. तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, माझ्या चित्रांवर त्याचा एकच ठरलेला अभिप्राय असतो, "चांगलं हाय." त्या दिवशी मात्र त्यानं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे सोयाबीनचं वावर हाय का वं?"

दिवसभर मी त्याच्याशी बोलले नाही. राग यासाठी की तो खरं बोलला होता. माझ्या लाटा एकामागे एक, सारख्या अंतरानं, पेरल्यासारख्या आल्या होत्या. दर्यापूरच्या हाताला सरळ तास, म्हणजे नांगराची रेघ, धरायची सवय, त्यानं समुद्रही नांगरून ठेवला होता. रंग बरे होते, पण पाणी हलत नव्हतं.

लखलख

त्याच सुमारास उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात लखलख व्हायला लागली. मान वळवली की वीज चमकल्यासारखी एक रेघ. मला वाटलं, आठवडाभर उन्हातल्या पाण्याकडे टक लावून बघितलं, तो समुद्र डोळ्यात राहिला. इतकी खूश झाले म्हणून सांगू! ती चमक विसरण्याआधी लिंबू-पिवळ्या रंगात कॅनव्हासवर उतरवूनसुद्धा घेतली. मग डोळ्यासमोर काजळीचे कण तरंगायला लागले. तेही मी वयावर ढकललं. वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते, डोळ्यात अचानक वीज चमकायला लागली आणि काजळी उडायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिचं चित्र काढत बसू नका.

आम्ही चित्रकार माप घेताना ब्रश हात लांब करून धरतो आणि एक डोळा मिटतो. मी एरवी उजवा मिटते. त्या दिवशी डावीकडून खिडकीचं ऊन येत होतं म्हणून डावा मिटला, आणि कॅनव्हासचा खालचा कोपराच गायब. तिथे राखाडी डाग. वाटलं, टर्पेंटाइन सांडलं. फडकं घेऊन पुसलं, जाईना. म्हणून कॅनव्हास उचलून भिंतीला लावला, तर डाग कॅनव्हासबरोबर न जाता माझ्याबरोबर आला. मी भिंतीकडे बघितलं, तर भिंतीवर. मनोहरकडे बघितलं, तर त्याची चप्पल आणि अर्धा पाय राखाडी.

"अवो," मी म्हटलं, "मले तुमचा पाय दिसून नाई राहिला."

तो आधी हसला. मग माझा चेहरा बघून त्यानं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

अमरावतीच्या डॉक्टरांनी थेंब घातले, डोळ्यात उजेड मारून बघितलं. सुरुवातीला त्या छान गप्पा मारत होत्या, कुठल्या शाळेत, किती वर्षं झाली वगैरे. हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं आणि मग थांबलं. मला तिथेच कळलं. पडदा सुटलाय, म्हणाल्या, वरच्या बाजूनं सुटत आलाय म्हणून डाग खालून चढताना दिसतो, मधला भाग अजून चिकटलेला आहे तोवर शस्त्रक्रिया व्हायला हवी. पडद्याचे सर्जन अकोल्याला होते. "आजच निघा."

मी विचारलं, "रंग दिसतील?"

"आधी डोळा वाचवू या, मॅडम."

त्याच पावली निघालो. बडनेरा मागे गेलं, मूर्तिजापूर गेलं, मनोहर गाडी चालवत अखंड बडबडत होता, कुठल्या धरणाचा कुठला दरवाजा कोणत्या साली अडकला होता ते. मी एकदा हा डोळा मिटून, एकदा तो डोळा मिटून कडेची शेतं बघत होते. पाठ करत होते म्हणा ना. ढीग लावलेली तूर, तिच्यावरचं तिरपं ऊन, बांधावरची जांभळट सावली. डाग वर चढत होता. भीती वाटते का, असं कुणी तेव्हा विचारलं असतं तर मी गाडीतच मोठ्यानं रडले असते. मनोहरनं विचारलं नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

टेबलावर

अश्विनी अकोल्याला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ती दवाखान्याच्या दारातच उभी होती. सर्जन इतका तरुण की माझा विद्यार्थी शोभला असता. आठवी-ब मध्ये मागच्या बाकावर बसणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं शस्त्रक्रिया केली.

पूर्ण भूल नव्हती, डोळ्यापुरतीच होती. तोंडावर हिरवं कापड, आणि एका सिस्टरनं माझा हात हातात घेऊन ठेवला होता. तिचा हात ऊबदार आणि खरबरीत होता, सगळा वेळ तिनं तो सोडला नाही. या आजारात मला ज्या छोट्या छोट्या गोष्टींनी तारलं, त्यात तिचा हात पहिला.

दुखलं नाही. पण दिसलं! हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या डोळ्यात उजेडाचे लोळ फिरत होते. गडद निळा, त्याच्या कडेनं पिवळा, मग मधूनच डाळिंबी. माझ्या तोंडून निघून गेलं, "कोबाल्ट निळा! कडेला लिंबू!"

"मॅडम, बोलायचं नाही, डोकं हलतं," सर्जन म्हणाला. मी गप्प बसले, पण मनात नोंद करत राहिले. भीती तिथे कमी झाली. ज्या डोळ्याला अजून इतके रंग दिसतात, तो डोळा असा सहजासहजी जाणार नाही, असं मी स्वतःला बजावलं.

बाज

पडदा जागेवर दाबून ठेवायला त्यांनी डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला होता. पडदा असतो डोळ्याच्या मागच्या भिंतीला आणि बुडबुडा वर चढतो, म्हणून माणसानं तोंड खाली ठेवायचं. बसताना, जेवताना, झोपताना, दिवसरात्र तोंड जमिनीकडे. शस्त्रक्रिया काहीच नाही, खरी परीक्षा ही.

अकोल्याहून घरी येताना मी मागच्या सीटवर गुडघ्यांवर डोकं टेकून होते. घरी आल्यावर उशा रचून बघितल्या, स्टुलावर कपाळ टेकून बघितलं, मानेचे तुकडे पडायची पाळी आली. मनोहर बराच वेळ नुसता येरझाऱ्या घालत होता. मग गच्चीवरून आमची जुनी नवारीची बाज, पट्ट्यांनी विणलेली खाट, खाली घेऊन आला. डोक्याकडच्या नवारीच्या चार पट्ट्या सैल करून बाजूला सारल्या, कडेला साडी गुंडाळून मऊ केली, आणि म्हणाला, "आता पालथी पड, तोंड या भोकात घाल."

"माणूस हाय का टरबूज?"

"पडून तं पाह्य."

पडले. मान सैल झाली, कपाळ साडीत रुतलं, आणि खाली फरशी दिसली. त्या क्षणी त्या माणसाला मी सगळी वावरं माफ केली. पुढच्या तपासणीत सर्जननं मोबाइलवर त्या बाजेचा फोटो मागून घेतला.

मग सुरू झाली माणसं. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला यायचं म्हणजे यायचंच. लोक यायचे, "जयभीम, बाई" म्हणायचे आणि माझ्या पाठीशी बोलायचे. मला फक्त पाय दिसायचे. एका आठवड्यात मी अख्खी कॉलनी पायांवरून ओळखायला शिकले. वानखडे काकूंचा डावा अंगठा बाहेर वळलेला, मुख्याध्यापकांचे मोजे नेहमी वेगवेगळे. एक बाई म्हणाल्या, "कोणाची तरी नजर लागली असन." मी भोकातून म्हटलं, "बाई, माझीच नजर मले लागली." पाय चपापून मागे सरकले.

हसण्यावारी नेते आहे, पण सगळंच तसं नव्हतं. दुपारी घर शांत झालं की मनात यायचं, बुडबुडा जाईल आणि मागे अंधारच असेल तर? रडू यायचं. पालथं पडून रडलं की आसू गालावर येत नाहीत, सरळ फरशीवर पडतात. टप टप. ते बघूनच मग रडू थांबायचं.

आणि तेव्हाच भांडण झालं. डॉक्टरांनी टर्पेंटाइनचा वास, धूळ टाळायला सांगितलं होतं. मनोहरनं माझी रंगपेटी, ब्रश, कॅनव्हास, सगळंच माळ्यावर टाकलं. मला ते त्याच्या पायांवरून कळलं. शिडी ठेवली, पाय वर गेले, जड पाय खाली आले. मी विचारलं तर म्हणाला, "आता बस झालं. डोया राहिला तं सगळं राहिलं."

सुटीला आलेली अश्विनी बाजेशेजारी जमिनीवर बसली. तिनं पण तेच लावलं. "आई, आता रंगाचं डोक्यातून काढून टाक. खूप केलंस."

मी वळून तिच्याकडे बघूही शकत नव्हते. "तुझ्या बाबाले सांग," मी म्हटलं, "डोया वाचवून मी तो पापडासारखा वाळवाले ठेवनार नाई." त्यानंतर दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. भाजी वाढली जायची, ताट बाजेखाली सरकवलं जायचं, ताट उचललं जायचं. त्यांचं प्रेम मला कळत नव्हतं असं नाही. पण डोळा कशासाठी वाचवायचा, याचं उत्तर त्यांचं वेगळं होतं आणि माझं वेगळं.

बघायला एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे फरशी. आमच्या घरात शहाबादी आहे. एवढी वर्षं तिला मी राखाडी समजून पुसत होते. डाव्या डोळ्यानं दिवसभर तिच्याकडे बघत राहिले तेव्हा कळलं, सकाळी ती निळी असते. दाराचं ऊन आत येतं तेव्हा मधासारखी होते, आणि बाजेच्या पट्ट्यांची तिच्यावर पडणारी सावली जांभळी, अगदी त्या पुस्तकातल्या सारखी. पंखा फिरला की सावल्यांच्या कडा हलायच्या. दापोलीला उजेड माझ्या हातून पळून जात होता. इथे मी त्याच्या वाटेतच पालथी पडले होते, माझ्या डोळ्यांखालूनच त्याला जावं लागत होतं. आठवडाभर मी उजेड बघण्यापलीकडे काही केलं नाही. कुठल्या चित्रकाराला इतकी सवड मिळते?

रेघ

तोंड वर करायची परवानगी मिळाली तेव्हा उजव्या डोळ्यासमोर सगळं दुधाळ होतं. मग एका सकाळी, वरच्या कडेला, दिसलं. खिडकीच्या चौकटीची वरची पट्टी, स्वच्छ, हिरवी. तिच्याखाली एक आडवी रेघ, आणि रेघेखाली पुन्हा धूसर.

बुडबुडा लहान होतो तसा तो दिसण्यात खाली खाली जातो, असं सर्जननं सांगितलं होतं. पण तो असा जातो हे सांगितलं नव्हतं. रेघ म्हणजे हुबेहूब क्षितिज! मान वाकडी केली तरी ती आडवीच, गवंड्याच्या पाणसळीसारखी. वर कोरडं, नितळ आभाळ. खाली चकाकतं, थरथरतं पाणी. मी पाऊल टाकलं की लाट यायची. तुळशीची कुंडी, मनोहरचा पांढरा बनियन, नळावरची पिवळी बादली, जे काही रेघेखाली जाईल त्याचे फुटून तुकडे व्हायचे. पिवळ्याचा पट्टा लांब ताणला जायचा, तुटायचा, दुसरीकडे जुळायचा. सारख्या अंतरावर काहीच नव्हतं. पाण्यात तास नसतात. एक लांब, तीन आखूड, एक नुसता ठिपका.

"अवो, समुद्र आला!" मी अंगणातून ओरडले.

"कोठी?" मनोहर धावत बाहेर आला. मी डोळ्याकडे बोट दाखवलं. तो कपाळावर हात मारून घरात गेला.

मी रोज सकाळी त्याच खुर्चीत, पाठ टेकून बसायची आणि खिडकीच्या गजावर रेघ कुठे येते तिथे खडूची खूण करायची. रेघ रोज थोडी खाली. त्या खुणांकडे बघून मला जो धीर यायचा तो कुठल्या गोळीनं आला नसता.

घाट

रेघ निम्म्यावर आली होती तेव्हाची गोष्ट. अबोला संपलेला असला तरी घर अजून कोंदट होतं. वानखडे काकू म्हणाल्या, "बाईले चिखलदऱ्याले घेऊन जा, थंडी हवा लागन." मनोहरला पटलं. रंग माळ्यावर टाकल्याची टोचणी त्याला असावी, त्यानं फार उत्साहानं तयारी केली. दवाखान्याच्या कागदावर विमानात बसू नका असं लिहिलेलं होतं. ते वाचून आम्ही दोघं आधीच हसलो होतो. आपण कधी बसलो विमानात?

परतवाडा मागे टाकून घाट लागला. पहिली काही वळणं मजेत गेली. मग डोळा आतून ताणल्यासारखा वाटायला लागला. घाटात कान दडतात, तसं असेल म्हणून गप्प बसले. सवयीनं डावा डोळा मिटून रेघ बघितली, तर ती जागेवर नव्हती. सकाळी समोर बघताना ती गाडीच्या बॉनेटवर येत होती. आता बॉनेट पूर्ण पाण्यात होतं. मी हात लांब करून अंगठा धरला, माप घेतलं. पुढच्या वळणानंतर पुन्हा घेतलं. रेघ वर चढत होती. इतके दिवस जी फक्त खाली उतरत आली, ती चढत होती.

"गाडी वळवा," मी म्हटलं.

"कावून वं? आता तं अर्धा घाट..."

"क्षितिज वर चाललं. वळवा म्हनते ना!"

"डोया दुखून राहिला का? घाटात होतेच थोडंसं, वर गेलो की..."

"मनोहर!" लग्नानंतर मी त्याला नावानं हाक मारलेली ती पहिली वेळ. "मी आयुष्यभर माप घेऊन राहिली. माझं माप चुकत नाई. वळवा."

त्यानं वळवली. कशी वळवली त्या अरुंद रस्त्यावर, ते त्यालाच माहीत. खाली येताना डोळा फुटतो की काय असं दुखत होतं आणि उरलंसुरलं आभाळही करडं होत चाललं होतं. परतवाड्याला पोचलो, रस्त्याच्या कडेला थांबून सर्जनला फोन लावला. मी सगळं सांगितलं. पलीकडून तो मुलगा अक्षरशः ओरडला, "घाटात? मॅडम, उंचीवर गॅस फुगतो! अजून वर गेला असता तर आतला दाब वाढून डोळा जाऊ शकला असता. तुम्हाला वळायला कुणी सांगितलं?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. "मला दिसलं."

सपाटीवर आल्यावर दुखणं हळूहळू उतरलं, रेघही तिच्या जागी आली. तरी त्याच दिवशी अकोला गाठून दाब तपासून घेतला. सर्जन म्हणाला, "विमान लिहितो मी कागदावर. आपल्याकडे विमान कमी आणि चिखलदराच जास्त, हे माझ्याच लक्षात यायला हवं होतं." आता तिथल्या कागदावर विमानाच्या खाली चिखलदऱ्याचं नाव छापलेलं असतं. ते माझ्यामुळे. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि सांगतच राहणार.

येताना मनोहरनं एकाही धरणाचं नाव काढलं नाही. घरी आल्यावर त्यानं शिडी लावली, माळ्यावर चढला आणि कॅनव्हास, ब्रश, रंगपेटी एकेक करून खाली आणली. पेटीवरची धूळ बनियननं पुसली आणि माझ्यासमोर ठेवली.

"तुह्या डोयाले जे दिसते ते मले नाई दिसत," तो म्हणाला. "काढ तू."

पाणी

टर्पेंटाइन सोडलं, पाण्यात विरघळणारे रंग आणले आणि डॉक्टरांना विचारून रोज थोडं थोडं काम सुरू केलं. जुनी सगळी वावरं खरवडून काढली. आधी खुर्चीत बसून उजव्या डोळ्यानं नुसतं बघायचं, रेघेखाली रंग कसे मोडतात ते, आणि मग डाव्या डोळ्यानं लावायचे. मधे मी अडखळले की दोन पावलं चालून यायची, लाट उठायची, बघून घ्यायची. नमुना म्हणून सगळा समुद्र घरीच होता.

बुडबुडा शेवटी मण्याएवढा होऊन खालच्या कोपऱ्यात डुलत राहिला. एका सकाळी चूळ भरताना बघितलं तर नव्हता. आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण जरा चुकल्यासारखंही वाटलं. चित्रात ओल्या वाळूच्या कडेला एक इवलासा गोल चकाकतो, तो त्याचा.

डोळा वाचला. पूर्वीसारखा आहे असं खोटं सांगणार नाही. उजव्या डोळ्याला सरळ ओळ मधोमध किंचित लवते. लाल रंग त्याला धुतल्यासारखा फिका दिसतो, निळे मात्र थंडगार, सुरेख दिसतात. पुढे त्यात मोतीबिंदू होणार, हेही सांगून ठेवलंय. होईल तेव्हा काढू. सध्या माझ्याकडे दोन डोळे आणि दोन वेगवेगळ्या सकाळी आहेत. चित्रातली पहाट मी उजव्यानं बघून रंगवली आणि उन्हं डाव्यानं. पदविकेच्या सरांकडे एकच पुस्तक होतं. मला तेवढंही उघडायची गरज राहिली नाही.

अमरावतीच्या प्रदर्शनात चित्र लागलं. मधली भिंत दिली त्यांनी, मी मागितली नव्हती. सुजाता दापोलीहून आली, चित्रासमोर उभी राहिली आणि पदर खोचून म्हणाली, "ताई, भरती लागलीय, मागं सर." एका पाहुण्या जाणकारांनी क्षितिज मधोमध जरा लवलेलं आहे, हे माझ्या निदर्शनास आणून दिलं. मी त्यांना म्हटलं, "बरोबर बघितलंत. खाली सही बघा कुणाची आहे, तिला तसंच दिसतं." अश्विनी शेजारी होती. ज्या मुलीनं मला रंग सोडायला सांगितलं होतं, ती कॉलेजातल्या सगळ्या सहकाऱ्यांना एकेक करून हाताला धरून चित्रापुढे आणत होती.

मनोहर सगळ्यात मागे उभा होता. गर्दी ओसरली तसा पुढे आला. माझ्यासारखाच हात लांब केला, अंगठा धरला, एक डोळा मिटला. बराच वेळ तसाच. मी पाठीमागे उभी. आयुष्यात कुठल्या परीक्षकाची मला इतकी भीती वाटली नव्हती.

"अवं," तो हळूच म्हणाला, "पानी हालून राहिलं."

मी चित्राकडे बघितलंच नाही. त्याच्याकडे बघितलं. दोन्ही डोळ्यांनी.